लाल पट्टीची पुस्तकं

गुरुवारी दुपारच्या टपालाने आलेलं ते पत्र ग्रंथपाल बाईंनी तीनदा वाचलं. एकदा उभ्याने, एकदा बसून आणि एकदा चष्मा पुसून. तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं होतं. या वाचनालयातली त्रेचाळीस पुस्तकं 'मृत' आहेत, असा शोध मध्यवर्ती कार्यालयाला लागला होता. तीन वर्षांत ती एकदाही कुणी घरी नेलेली नाहीत, सबब त्यांचं निर्लेखन करायचं आहे; म्हणजे वहीतून नाव कमी करून त्यांना रद्दीत घालायचं आहे. सोमवारी सकाळी दहाला गाडी येईल, तोवर पुस्तकं खोक्यांत भरून तयार ठेवावीत. खाली सही, शिक्का आणि 'सहकार्याबद्दल आभार'.

"आभार!" बाई एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या की वर्तमानपत्र वाचणारे दोन पेन्शनर दचकले. "आमचाच गळा कापायचा आणि सुरी धुवून ठेवा म्हणून आमचेच आभार मानायचे!"

खोलीच्या टोकाला वाचनालयाचे शिपाई, ज्यांना लहानथोर सगळे 'मामा' म्हणत, एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत बसले होते. ते हात पुसत आले. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि अर्ध्यावर थांबले.

"बाई, ही तर सगळी सुट्टीच्या कपाटातली."

"सगळी. एक सोडलेलं नाही."

आता हे सुट्टीचं कपाट काय होतं ते सांगायला हवं. बाई वर्षातून चार वेळा एक पत्रक काढायच्या. ऋतू पालटला, शाळांना सुट्टी लागायची वेळ आली, की दारातल्या फळ्यावर ते लागायचं आणि त्याच्या प्रती मामा दवाखान्यात, वाण्याकडे, केस कापायच्या दुकानात वाटून यायचे. वर ठळक अक्षरात 'या सुट्टीत घरच्यांनी मिळून' असं लिहिलेलं असायचं. खाली काय वाचाल आणि काय कराल. खिडकीसमोरच्या एका खांबाची सावली महिनाभर रोज बाराला मोजा. डोळे बांधून आपल्याच घराचा नकाशा काढा. घरातलं सगळ्यांत जुनं बटण शोधा आणि ते कोणत्या कपड्याचं होतं ते घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. या बटणाच्या पायी एका घरात दोन वर्षं अबोला धरलेल्या सासूसुना भांडत का होईना, पण बोलायला लागल्या होत्या, आणि ती सून स्वतः येऊन बाईंना हे सांगून गेली होती.

पत्रकातल्या प्रत्येक गोष्टीसमोर एका पुस्तकाचा क्रमांक असायचा, आणि ती सगळी पुस्तकं त्या कपाटात असायची. कपाटासमोर लांब टेबल, टेबलाभोवती अठरा खुर्च्या. सुट्टीत तिथे बसायला जागा मिळायची नाही. पोरं, त्यांच्या आया, आज्या, कामावरून परस्पर आलेले बाप. पानं उलटून उलटून कोपरे मऊ पडलेले. आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर लाल पट्टी. लाल पट्टी म्हणजे पुस्तक खोलीबाहेर जाणार नाही. हा नियम बाईंनीच चौदा वर्षांपूर्वी केला होता. पहिल्याच वर्षी कागदाच्या घड्या घालायचं पुस्तक एका घराने नेलं आणि सुट्टी संपल्यावर आणून दिलं; तोवर चाळीस पोरं रोज येऊन हिरमुसली होऊन परत जात होती. तेव्हापासून लाल पट्टी. हा आपल्या हातून झालेला सगळ्यांत न्यायाचा नियम आहे असं बाईंचं ठाम मत होतं, आणि बाईंचं मत ठाम असलं की ते हलवायला क्रेनच लागायची.

पुढे कॉम्प्युटर आला. त्यात दिलेल्या पुस्तकाला जागा होती, परत आलेल्याला होती, हरवलेल्यालाही होती. लाल पट्टीला नव्हती. बाईंनी ती पुस्तकं इतरांसारखीच चढवली आणि पट्टी पाठीवर राहू दिली. डोळ्यांना दिसतंय की, आणखी कुणाला सांगायचं?

"हे सावल्यांचं पुस्तक," यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवून मामा म्हणाले, "मी चार वेळा बांधलंय. चार वेळा! मेलेलं माणूस कधी चपला झिजवतं का?"

हाच प्रश्न बाईंनी शुक्रवारी सकाळी फोनवर विचारला, थोड्या सभ्य शब्दांत. पलीकडे तपासनीस साहेब होते. आवाज गोड, थंडगार.

"बाई, मशीनमध्ये शून्य दिसतंय."

"अहो, पण ती इथे बसून वाचतात लोक! सुट्टीत येऊन बघा, उभं राहायला जागा नसते."

"तशी नोंद आहे का?"

"पुस्तकाला बोटांचे डाग पडलेत, ती नोंद नव्हे?"

"डाग पडले असतील तर ते खराब प्रत म्हणूनही जाऊ शकतं," साहेब म्हणाले. त्यांना यात मदतच करायची होती.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कधी पाय ठेवला होता या माणसाने इथे? उंटावर बसायचं आणि शेळ्या हाकायच्या. त्यांनी फोन आपटला नाही, कारण वाचनालयाचा एकच फोन होता. उलट दात आवळून विचारलं, की या यादीतून पुस्तक निघायला नेमकं काय व्हावं लागतं?

"काहीच नाही. सोमवारी सकाळी नऊला यादी नव्याने निघते. तोवर ज्यावर एक जरी देवघेव पडली ते आपोआप उडतं. पण तीन वर्षं पडली नाही ती आता दोन दिवसांत कुठून पडणार?"

"बघू," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी बाईंनी टेबलाच्या खणातून पातळ पात्याची सुरी काढली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा एका पुस्तकाच्या पाठीवरची लाल पट्टी सोलली. हात जड झाला होता. नियम मोडायचा म्हणून नव्हे, तर त्या गोड आवाजाच्या माणसाने आपल्याला मोडायला लावला म्हणून. मामांनी दारातल्या फळ्यावर थंडीच्या सुट्टीच्या पत्रकाखाली कागद लावला: 'सुट्टीच्या कपाटातली पुस्तकं आजपासून घरी मिळतील.' संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली.

लोकांचा आधी विश्वासच बसेना. बँकेतल्या एका कॅशियरने पुस्तक हातात घेऊन दोनदा विचारलं, "बाई, नक्की ना? नंतर घरी माणूस नाही ना पाठवणार?" बस चालवणारा एकजण दोन मुलींना घेऊन आला. एरवी त्याची ड्यूटी रात्री नऊला सुटायची, त्यामुळे या टेबलाशी तो कधी बसलेलाच नव्हता. पोरींनी सांगितलेलं ऐकायचा, इतकंच. त्याने कागदाच्या घड्यांचं पुस्तक छातीशी धरलं आणि म्हणाला, "म्हणजे आता मलाही येईल करायला." बाईंनी हसून शिक्का मारला आणि मनात साहेबांना उद्देशून म्हणाल्या, घ्या तुमची देवघेव. एक झाली. दोन झाल्या. अकरा झाल्या.

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "इतकी वर्षं आपल्या नातवंडांनासुद्धा आणून दिलं नाहीस ना गं एखादं?"

"नियम सगळ्यांना सारखा," बाई म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता लढाई आहे."

"कुणाशी?" असं त्याने विचारलं, पण बाई तोवर पाणी आणायला उठल्या होत्या.

शनिवारी दुपारी चारला बेचाळीस पुस्तकं गेलेली होती. कपाटात एकच उरलं होतं, सावल्यांचं पुस्तक. ते कुणाला नको होतं असं नाही. सकाळपासून तिघांनी मागितलं. बाईंनी तिघांनाही सांगितलं, "ते एकीसाठी राखून ठेवलंय."

दिव्यासमोर हातांची बोटं कशी धरली की भिंतीवर ससा होतो, कशी धरली की हंस होतो, याचं ते पुस्तक. एकूण सोळा चित्रं. पुढच्या गल्लीत शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या ताईंचे वडील दर थंडीत नातीला घेऊन यायचे आणि हेच पुस्तक काढून बसायचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, बोटं अजून लोण्यासारखी चालायची. पुढे ते यायचे थांबले, ताईंनी एकदा पुस्तक घरी मागितलं होतं, बाईंनी अर्थातच नाही म्हटलं होतं. मग आजोबा गेल्याचं कळलं. बाईंना तेव्हा वाईट वाटलं होतं. आता मात्र त्यांच्या मनात आलं, नात तर आहे. आपण स्वतः जाऊन तिच्या हातात पुस्तक ठेवू. ताईंना केवढा आनंद होईल! तीन दिवसांच्या संतापानंतर बाईंना पहिल्यांदाच काहीतरी गोड वाटत होतं. त्यांनी त्या पुस्तकाची लाल पट्टीसुद्धा अगदी सावकाश, पाठ न खरवडता सोलली.

साडेपाचला वाचनालय बंद करून त्या निघाल्या. बाहेर अंधारायला लागलं होतं. शिवणाचं दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला टांगलेले अर्धवट कोट. ताईंच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि ओठांत टाचण्या. टेबलाच्या कडेला त्यांची अकरा वर्षांची मुलगी गणितं सोडवत होती.

"या बाई," टाचण्या काढून ताई म्हणाल्या. "काही शिवायचंय का?"

"शिवायचं नाही, द्यायचंय," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "ओळखलंत? घरी न्या. पंधरा दिवस, महिनाभर, हवं तितके दिवस."

मुलीचा हात आपोआप पुस्तकाकडे गेला.

"हात नको लावूस," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मुलीने हात मागे घेतला.

बाईंना वाटलं, ताईंना कळलं नाही. म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. मध्यवर्ती कार्यालय, मृत पुस्तकं, गोड आवाजाचे साहेब, सोमवारची गाडी. न विचारता, न बघता, दूर बसून कुणीतरी ठरवतं म्हणजे काय! सांगता सांगता पुन्हा संताप आला. बेचाळीस गेली, हे एक तुमच्यासाठी ठेवलंय, असं म्हणून त्या थांबल्या.

ताईंनी मोजपट्टी गळ्यातून काढून गुंडाळली.

"म्हणजे शिक्का मारायला एक माणूस कमी पडलं, तेव्हा आमची आठवण झाली."

"अहो, तसं नाही—"

"बाबांचा खुबा मोडला होता, बाई. न्हाणीत पडले होते. मी तुमच्याकडे आले आणि आठ दिवसांसाठी हे पुस्तक मागितलं. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

बाईंना आठवत नव्हतं. नाही म्हटलेलं आठवत होतं, शब्द आठवत नव्हते.

"तुम्ही म्हणालात, एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल. त्यांनाच घेऊन या ना, मी चांगली खुर्ची देते. दोन जिने आहेत तुमच्या वाचनालयाला! खुबा मोडलेल्या माणसाला मी खांद्यावर घालून आणू?"

"ताई, खुब्याचं मला माहीत नव्हतं हो."

"विचारलंत कुठे? मी सांगायच्या आधीच तुमचा नियम सांगून झाला होता."

कडेला मुलगी पेन्सिल हातात धरून खाली बघत बसली होती. बाईंना बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनाही ते सुचलं नाही.

"पाय गेले होते, हात चांगले होते त्यांचे," ताई म्हणाल्या. "झोपल्या झोपल्या करता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती. पण चित्रं डोळ्यांसमोर येत नव्हती त्यांच्या. ससा जमायचा, पुढचं विसरायचे. मग मी रोज दुकान लवकर बंद करून तुमच्या त्या टेबलाशी येऊन बसायचे. हा बटरपेपर घेऊन, ज्यावर मी कपड्यांचे गळे आखते. एकेक चित्र उतरवून न्यायचे. रोज एक, कधी तेही पुरं व्हायचं नाही, कारण शेजारच्या पोरांनाही पुस्तक हवं असायचं. एकदा तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. मला वाटलं, आता तरी म्हणतील, न्या बाई घरी. तुम्ही म्हणालात, 'वा, किती आवड आहे!'"

हे मात्र बाईंना आठवलं. लख्ख आठवलं. त्या वर्षीच्या अहवालात त्यांनी कौतुकाने लिहिलंही होतं, की आमच्या वाचकांना पुस्तकांची एवढी गोडी आहे की ते चित्रं हाताने उतरवून नेतात. ते वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी मामांना वाचून दाखवलं होतं.

"किती झाली?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नऊ. सोळातली नऊ. नंतर ते गेले." ताईंनी नाक पुसलं आणि त्याचाही त्यांना राग आला. "आणि गंमत सांगू? ते तुमचीच बाजू घ्यायचे. मी घरी येऊन तुमच्या नावाने बोटं मोडायचे आणि ते म्हणायचे, बाईंचं बरोबर आहे, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. शेवटपर्यंत हेच म्हणत राहिले. मला नाही पटलं. अजून नाही पटत."

"मी... मला खरंच..."

"वर्षातून चारदा तुमचं ते पत्रक येतं. 'घरच्यांनी मिळून.' केसवाल्याकडे लावलेलं असतं, वाण्याकडे लावलेलं असतं. अंगाचा तिळपापड होतो माझा. पत्रक घरी येतं आणि पुस्तक येत नाही. ज्यांना जिने चढता येतात, ज्यांना पाचला सुट्टी होते, त्यांचंच घर. बाकीच्यांनी काय करायचं, बटरपेपर आणायचा? त्या साहेबाने न बघता ठरवलं म्हणून तीन दिवस तुम्ही पेटलाय. मी दोन वर्षं पेटलेय, बाई. न्या ते पुस्तक. वरातीमागून आलेलं घोडं मला दारात नकोय."

बाईंनी पुस्तक उचललं. मुलीने एकदा वर बघितलं आणि पुन्हा गणितात डोकं घातलं.

घरी जाताना आधी बाईंना ताईंचाच राग आला, हे खोटं कशाला सांगायचं? चांगलं करायला गेलं तर हे असं. चाळीस पोरांचं बघायचं की एकीचं? नियम नसता तर एव्हाना कपाट रिकामं झालं असतं! कोपऱ्यावरच्या दिव्याखाली त्या स्वतःशीच हातवारे करत उभ्या राहिल्या आणि एक सायकलवाला त्यांना वळसा घालून गेला. पण कितीही वाद घातला तरी ते दोन जिने काही केल्या हलेनात. चौदा वर्षं रोज चारदा चढलेले, उतरलेले जिने. ते कुणाला चढता येत नसतील हे एकदाही मनात आलं नव्हतं. साहेबाने निदान फोनवर 'नोंद आहे का' असं विचारलं तरी होतं. आपण तेवढंही विचारलं नव्हतं.

रविवारी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसल्या आणि आपण आजवर कुणाकुणाला नाही म्हटलं ते आठवू लागल्या. जुळ्या बाळांची एक आई, जी सुट्टीत दारातूनच परत गेली. रात्रपाळीची एक नर्स. परवाचा तो बसवाला, त्याने पूर्वी मागितलं होतं की नाही? आठवेना. चार नावांपुढे कागद सरकेना. दिलेल्या प्रत्येक पुस्तकाची ओळ त्यांच्याकडे चौदा वर्षांची होती. तारीख, क्रमांक, सगळं. न दिलेल्या पुस्तकांची एकही नव्हती. कितीजण विचारून गेले आणि कितीजण लाल पट्टी बघून विचारायच्या आधीच गेले, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. बाई चिडल्या, आणि या वेळी चिडायला समोर दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी कागद चुरगळला, मग पुन्हा सरळ करून ठेवला.

सोमवारी साडेआठलाच त्या वाचनालयात पोचल्या. मामा आधीच आले होते आणि रिकाम्या कपाटाच्या फळ्या पुसत होते.

"ताईंनी घेतलं?"

बाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. मामा समजले. त्यांनी खिशातून आपलं सभासद कार्ड काढलं.

"मग टाका माझ्या नावावर. नऊ वाजायचेत अजून. एका शिक्क्याचं काम."

"तुम्ही करणार आहात सावल्या?"

"मी एकटा माणूस, कुणाला दाखवू सावल्या? पण पुस्तक तर वाचेल! बेचाळीस गेली, तसं हेही गेलं. त्या साहेबाला काय कळतंय?"

"त्याला नाही कळणार," बाई म्हणाल्या. कार्ड त्यांनी हातात घेतलं होतं. एक शिक्का, आणि सगळं साफ. पुस्तक वाचेल, यादी कोरी होईल, गाडी रिकामी परत जाईल. आणि दोन वर्षांपूर्वी एक बाई हे पुस्तक मागायला आली होती, याचा या इमारतीत कुठेही मागमूस राहणार नाही. त्यांनी कार्ड मामांच्या खिशात परत घातलं. "नाही मामा. ज्याने नेलं नाही त्याने नेलं असं लिहायचं आणि जिने मागितलं तिचं नावच नाही, हे माझ्याच्याने होणार नाही."

"आणि पुस्तक गेलं तर?"

घड्याळात नऊ वाजले आणि वाजून गेले.

दहाला गाडीतून स्वतः साहेब आले. समोर बघितल्यावर ते फोनवर वाटले होते त्याहून लहान निघाले, नाकाला सर्दी, हातात नवी यादी. त्या यादीवर एकच ओळ होती.

"कमाल केलीत बाई," ते खरोखर खूष होऊन म्हणाले. "बेचाळीस! बघा, जरा प्रयत्न केला की देवघेव वाढते. तर हे एक तेवढं घेऊन जातो. इथे सही करा."

फॉर्म छापील होता. पुस्तकाचा क्रमांक, दाखल तारीख, आणि खाली निर्लेखनाचं कारण, तेही आधीच छापलेलं: 'वाचकांनी मागणी न केल्यामुळे.'

बाईंनी पेन उघडलं. ते छापील कारण एका रेघेने खोडलं आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'मागणी केली असता ग्रंथपालाने न दिल्यामुळे.' पुढे दोन वर्षांपूर्वीचा महिना आणि मागणाऱ्या सभासदाचा क्रमांक. मग पूर्ण नाव घालून सही केली.

साहेबांनी वाचलं, रुमाल नाकाशी धरून पुन्हा वाचलं.

"हे काय लिहिलंत?"

"घडलं ते."

"बाई, असं लिहिलं तर मला पुस्तक नेता येत नाही. मागणी होती म्हणजे ते मृत नाही."

"मीही गुरुवारपासून तेच म्हणतेय. मेलं नव्हतं ते."

"पण मग हा दोष तुमच्यावर येतो!" साहेबांचा गोड आवाज पहिल्यांदाच फाटला. "सभासदाला पुस्तक नाकारलं, तेही मंजुरी नसलेल्या नियमाने. हा कागद वर गेला की तुम्हाला कारणे दाखवा नोटीस निघेल. तुमच्या सेवापुस्तकात लागेल ती. निवृत्तीला किती राहिलीत तुमची, तीन वर्षं? अहो, कशाला? दुसरा फॉर्म देतो, तो खोडलेला फाडून टाका. कुणी तक्रार केलीय का तुमची?"

"नाही. आम्ही नाही म्हटल्याची तक्रार कुठे करायची, हेच लोकांना माहीत नसतं."

साहेबांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. बाईंनी तो तसाच मागे सरकवला, आणि लिहिलेला उचलून त्यांच्या यादीला टाचणी लावली.

"निघू दे नोटीस," त्या म्हणाल्या. "शिवणाच्या दुकानातल्या ताईंना मी नाही म्हटलं होतं, ते एकदा कुठेतरी लिहिलेलं असू दे."